त्रिपोली, आठ तास

आमच्या घरात सगळेच मोठ्यानं बोलत. नवख्या माणसाला वाटायचं, आत भांडण पेटलंय. भांडण नसायचं. बाबा मिलमध्ये विणकर होते आणि मागांच्या खडखडाटात इतकी वर्षं काढल्यावर त्यांना हळू बोललेलं ऐकूच येत नसे. ‘चटणी वाढ’ हेदेखील आम्ही ओरडून म्हणायचो. सवयीनं मग ते घरी नसले तरी आमचे आवाज तसेच राहायचे. नागपूरच्या इंदोऱ्यातल्या त्या दोन खोल्या, पुढं सारवलेलं अंगण, चार घरांत मिळून एक नळ. पहाटे नळाखाली बादल्या लागत. तेवढ्यात मिलचा पहिला भोंगा होई आणि माय बाबांच्या डब्यात दोन ज्वारीच्या भाकरी, अंबाडीची भाजी आणि जवसाची चटणी बांधून देई. दुसऱ्या भोंग्याला बाबा सायकलवरून बाहेर पडत. तिसरा पाळी सुटल्याचा. आमच्याकडे घड्याळ होतं, पण ते ताईच्या मनगटावर. ती दवाखान्यात नर्स होती आणि नाडी मोजायला तिला ते लागायचं.

ताई म्हणजे सुजाता, माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. बाबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्याच थंडीत ती जन्मली, म्हणून बाबा तिला ‘नव्या घरातली पहिली’ म्हणत. ती नर्सिंगला गेली तेव्हा वस्तीत कुणी तोंड वाकडं केलं, तर कुणी पेढे मागितले. बाबांनी दोघांनाही सारखंच हसून उत्तर दिलं होतं. माय मात्र तिला रोज दारापर्यंत सोडायला जायची आणि ती वळणावर दिसेनाशी होईपर्यंत उभी राहायची. खुद्द मायचं सगळं जग नागपूर ते खापा एवढं होतं. खापा तिचं माहेर, तिथं कन्हान नदीच्या काठी मामाचं घर. बसनं सावनेरवरून जायचं, आणि बस बिघडली नाही तर दुपारच्या जेवणाला पोचायचं. कुठलंही अंतर माय त्या मापानं मोजायची. मुंबई म्हणजे किती खापे, असं तिनं मला एकदा खरंच विचारलं होतं.

अशा घरात एक दिवस ताईनं बातमी आणली. तिच्या बरोबरीच्या दोन नर्स लिबियाला चालल्या होत्या, त्रिपोलीच्या एका दवाखान्यात, आणि तिचीही निवड झाली होती. बाबांनी ‘कुठी?’ असं तीनदा विचारलं. ताई तिन्हीदा ओरडून ‘त्रिपोली’ म्हणाली. तिसऱ्यांदा ऐकू आल्यावर ते हातातला भाकरीचा तुकडा ताटात ठेवून म्हणाले, “जा.” एवढंच. माय उठून चुलीपाशी गेली. तिनं जे बोलणं बंद केलं, ते चार दिवस. आमच्यासारख्या घरात चार दिवसांचं मौन म्हणजे काय, हे सांगून कळणार नाही. शेवटी मला एकटीला गाठून तिनं विचारलं, “निमा, तू शाळेत शिकतं. थे गाव किती दूर हाये वं?”

मी तेव्हा सोळा वर्षांची. गणितात वर्गात पहिली, आणि हे उत्तर आपण काढू शकतो याचा मला इतका आनंद झाला की मायच्या चेहऱ्याकडे मी नीट पाहिलंही नाही. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत भूगोलाच्या बाईंकडून पृथ्वीचा गोल मागून घेतला. त्याचा स्टँड मोडलेला होता, म्हणून तो मांडीवर धरायचा. शिवणाच्या तासाचा पांढरा दोरा विषुववृत्तावर पुरता गुंडाळला. ते झाले चाळीस हजार किलोमीटर. मग तोच दोरा नागपूरपासून त्रिपोलीपर्यंत ताणला. नागपूर गोलावर छापलेलं नव्हतं, तिथं मी पेन्सिलीनं ठिपका दिला. दोरा अख्ख्या फेऱ्याच्या सहाव्या हिश्श्याहून जरासा कमी भरला. साडेसहा हजार किलोमीटर. विमान तासाला आठशे जातं, असं बाईंनी सांगितलं. भागाकार केला. आठ तास, वर थोडी मिनिटं. बाईंनी वही पाहिली आणि म्हणाल्या, “गणित बरोबर आहे. पण अगं, इथून थेट विमान...” पुढचं मी ऐकलं नाही. घंटा झाली होती आणि मी जिना उतरत होते.

आता ताईचा मुलगा फोनवर दोन शहरांची नावं टाकतो आणि क्षणात एक वाकडी रेघ उमटते, खाली किलोमीटर आणि तास. परवा तो मला तसं काहीतरी दाखवत होता. मी चष्मा काढून ठेवला. “मावशी, बघ तरी,” तो म्हणाला. मी म्हटलं, दिसलं.

संध्याकाळी मी मायला सांगितलं. ती अंगणात सांबार निवडत बसली होती. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. सांबारवडीसाठी पुष्कळशा जुड्या आणलेल्या.

“आठ तास?” ती म्हणाली.

“आठच.”

“मुंबईले तं रेलगाडीत पुरी रात जाते म्हणतात.”

“विमान हाये ना, माय.”

तिनं काड्या बाजूला केल्या, पानं एकीकडे केली. “म्हणजे तुह्या बाबाची एक पाळी,” ती म्हणाली. “थे सकाळी जातात अन् घरी येतात, तेवळ्यात सुजी तिथून इथं.” मग हात झटकून उठली, आणि त्या रात्री जेवताना बाबांच्या कानाशी तोंड नेऊन तिनं सांगितलं की पोरीला जाऊ द्या, लय दूर नाही. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं, प्रवास एवढ्यात होत नाही हे त्यांना ठाऊक होतं. मिलमध्ये वर्तमानपत्र वाचून दाखवणारे होते आणि बाबांना जगाची बरीच माहिती होती. पण त्यांनी आणखी एक सांबारवडी घेतली.

ताई गेली. पाच आठवड्यांनी तिचं पहिलं पत्र आलं, निळ्या कागदाचं, घडी घालून चिकटवलेलं. मायला वाचता येत नव्हतं आणि बाबांना अक्षर लागायला वेळ लागे, म्हणून पत्रं वाचायचं काम माझ्याकडे आलं. मी अंगणात उभी राहून मोठ्यानं वाचायला लागले. ‘ती. आई-बाबांस साष्टांग नमस्कार’ इथपर्यंत ठीक होतं. पुढच्या ओळी डोळ्यांनी आधी वाचल्या आणि मी थांबले. ताईनं लिहिलं होतं की सोमवारी नागपूर सोडलं. मुंबईत कागदपत्रांसाठी दोन दिवस एका ओळखीच्यांकडे काढले. मग विमान, ते रोमला उतरलं. तिथं दुसऱ्या विमानासाठी अकरा तास लाकडी बाकावर बसून राहिलो, सोबतच्या मुलीला उलट्या झाल्या. त्रिपोलीला पोचल्यावर दवाखान्याची गाडी नव्हती. स्वतःच्या खाटेवर पाठ टेकली ती शुक्रवारी. पासपोर्ट कचेरीत जमा करून घेतला आहे, सुट्टी मंजूर झाल्याशिवाय तो मिळत नाही. आणि खाली लिहिलं होतं, ‘निमा, इथून घर फार लांब आहे.’

माय माझ्या तोंडाकडे बघत होती. मी वाचलं, “मी सुखरूप पोचले. प्रवासात काही त्रास झाला नाही. इथली खोली स्वच्छ आहे.” खोली स्वच्छ आहे, हे खरोखरच लिहिलेलं होतं.

मी ते मायसाठी केलं, असं पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले. त्यात खोटं नव्हतं. पण माझा आठ तासांचा हिशेब सगळ्या वस्तीत झाला होता. नळावर बायका एकमेकींना सांगत होत्या की त्या निमानं दोऱ्यानं मोजलं. ते मोडायला माझं मन होईना. एकदा गाळलं की पुढच्या पत्रातही गाळावं लागलं. ताईला ताप आला, ते गाळलं. तिथली थोरली नर्स तिला घालूनपाडून बोलते, ते गाळलं. राहिलेल्या जागा मी हवामानानं भरल्या. समुद्राचा वारा, खजुराची झाडं. मायला ते आवडायचं. कधी दुपारी दुसरा कुठला विषय चाललेला असताना ती मधेच म्हणायची, “आता निघाली असती तं दिवे लागणीले आली असती,” आणि भाकरी थापायला घ्यायची. त्या एका वाक्यावर तिनं वर्षभर काढलं.

पुढच्या मे महिन्यात एका सकाळी बाबा नळाखाली तोंड धूत होते. पहिला भोंगा होऊन गेला होता. बादली कलंडल्याचा आवाज झाला. मी बाहेर आले तेव्हा ते भिंतीला टेकून बसलेले होते, तोंडावर पाणी तसंच. शेजारचे दौलतकाका धावत आले, त्यांनी छातीला कान लावला. कुणीतरी सायकलवर डॉक्टरला आणायला गेलं. डॉक्टर आले आणि पाच मिनिटांत गेले.

माय रडली नाही. तिनं बाबांच्या तोंडावरचं पाणी पदरानं पुसलं, त्यांना घरात निजवायला लावलं आणि मला म्हणाली, “सुजीले तार कर.” तार इंग्रजीत लिहायची, म्हणून मीच दौलतकाकांच्या सायकलच्या कॅरिअरवर बसून तारघरात गेले. खिडकीतल्या माणसानं शब्द मोजले आणि तार घेतली. किती वेळात पोचेल, असं विचारल्यावर तो म्हणाला, “बाहेर देशी? आज, उद्या. सांगता येत नाही, बेटा.” परत आले तोवर अंगण माणसांनी भरलं होतं. माय बाबांच्या उशाशी बसली होती. मला पाहताच तिनं सगळ्यांसमोर विचारलं, “आता आठ वाजले. तार पोचाले अन् तिले निघाले दोन तास धर. दहाले निघाली तं सहाले दारात. बरोबर हाये ना, निमा?”

मी हो म्हणाले. आठ तासांबद्दलचं ते माझं दुसरं खोटं. पहिल्याला निदान एक गणित तरी होतं.

मे महिन्याचं नागपूरचं ऊन ज्यांनी पाहिलंय त्यांना पुढचं वर्णन नको. दाराला ओले गोणपाट लावले. दौलतकाकांनी बर्फाच्या लाद्या आणवल्या, त्या भुशात गुंडाळून दोन्ही बाजूंना ठेवल्या. भुसा भिजत होता आणि त्याचं पाणी सारवणावरून उंबऱ्याकडे वाहत होतं. मिलमधले लोक पाळी सुटल्यावर आले, त्यांच्या केसांत अजून कापसाचे तंतू चिकटलेले होते. पांढरे कपडे घालून म्हातारे भिंतीशी बसले होते. त्रिशरण म्हणून झालं होतं, मेणबत्त्या उन्हाच्या झळीनं वाकत होत्या. सगळे मायकडे बघत होते आणि माय दाराकडे. साडेतीनच्या सुमारास दौलतकाकांनी मला न्हाणीच्या आडोशाला बोलावलं.

“खरं सांग, पोरी. सुजाता येईन का आज?”

मी नकारार्थी मान हलवली.

“उद्या?”

मी पुन्हा मान हलवली. त्यांनी खांद्यावरच्या दुपट्ट्यानं तोंड पुसलं. ते रागावले नाहीत. “मंग मायले तूच सांग,” ते म्हणाले. “आमी सांगतलं तं तिले वाटंल आमाले घाई झाली. तुह्यावर तिचा भरवसा हाये.”

न्हाणीपासून मायपर्यंत पंधरा पावलं असतील. मी तिच्या शेजारी बसले आणि खाली मान घालून, अगदी हळू, जे सांगायचं ते सांगितलं. माय दाराकडेच बघत होती. म्हणाली, “मोठ्यानं बोल.”

सवयीनं म्हणाली की मुद्दाम, ते मला आजही ठरवता येत नाही. पण मग मला मोठ्यानं बोलावं लागलं, बाबा असताना बोलायचो तसं. त्या खोलीत आणि अंगणात एक माणूस असा नव्हता की ज्याला ते ऐकू गेलं नाही. “सुजाताताई आज येणार नाही, माय. उद्याही नाही, परवाही नाही. आठ तास नुसते उडायचे आहेत. पोचायला पाच दिवस लागतात. तिनं पहिल्याच पत्रात लिहिलं होतं. मी वाचलं नाही.”

बर्फाचं पाणी टपकत होतं. मायनं पहिल्यांदाच दारावरून नजर काढली आणि माझ्याकडे पाहिलं.

“अजून काय काय नाही वाचलं?” तिनं विचारलं.

मी सांगितलं. ताप, थोरली नर्स, पासपोर्ट, बाकावरचे अकरा तास. बाबांच्या समोर, सगळ्या वस्तीच्या समोर, एकेक करून. शेवटचं ‘इथून घर फार लांब आहे’ हेही. मायनं सगळं ऐकून घेतलं. मग बाबांच्या पायावरची चादर सरकली होती ती नीट केली, त्यांचा अंगठा क्षणभर मुठीत धरला आणि दौलतकाकांना म्हणाली, “उचला. ऊन उतरलं हाये.” ऊन उतरलेलं नव्हतं.

ताई आठव्या दिवशी आली. मुंबईहून ती विमानानं येणार होती, म्हणून तिला घ्यायला मी सोनेगावच्या विमानतळावर गेले. विमान एवढ्या जवळून मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. पण पाहिलं म्हणायचं एवढंच, कारण माझी नजर उतरणाऱ्या माणसांवर होती. ताई वाळली होती, आणि तिची चालायची ढबही वेगळी वाटत होती. आम्ही ऑटोत बसलो. अजनीपाशी आलो तेव्हा तिनं विचारलं, “बाबाले केव्हा नेलं?”

“त्याच दिवशी. चार वाजता.”

“माय थांबली होती?”

गाळायची सवय इतकी झाली होती की तोंडात दुसरंच उत्तर आलं होतं. ते मी गिळलं. “तू सहाला येशील म्हणून बसली होती,” मी म्हटलं. “मी तिला आठ तास सांगितले होते. तुझं पत्र मी तिला वाचून दाखवलं नव्हतं.”

ताईनं बाहेर पाहिलं. “तार दोन दिवस कचेरीत पडून होती,” ती म्हणाली. “शुक्रवारची सुट्टी होती तिथं. नागपुरात चार वाजले तेव्हा तिथं साडेबारा. माही नाइट झाली होती. मी झोपली होती, निमा. गाढ.” मग तिनं माझा हात धरला आणि इंदोरा येईपर्यंत सोडला नाही.

बाबांच्या नावानं पुण्यानुमोदनाचा विधी झाला. खाप्याहून मामा आले होते, ते मागे राहिले. पोरीला परत पाठवू नका, असं त्यांचं म्हणणं. “बाप गेला. आता घरात तुम्ही तिघी बायाच. इथं दवाखाने का कमी हायेत?” बोलण्यात तथ्य होतं आणि मामा वाईट माणूस नव्हता. ताई एकदा म्हणायची जाते, एकदा म्हणायची नाही जात. तिच्या कराराचं एक वर्ष अजून बाकी होतं. माझं कॉलेज समोर होतं, ते कुणी बोलून दाखवत नव्हतं. माय कुणाच्याच बाजूनं काही बोलेना. माझ्याशी तर त्या दिवसापासून कामापुरतंच बोलायची. तेही हळू. घरातला आवाजच खाली बसला होता. कुणी भांडं ठेवलं तरी दचकायला व्हायचं.

मग एका सकाळी तिनं पांढरं लुगडं नेसलं, केस विंचरले आणि म्हणाली, “जरीपटक्यात तिकिटवाला हाये ना? चला दोघी.”

तो एक सिंधी गृहस्थ होता, चाळिशीचा. कापडाच्या दुकानावरच्या माडीवर त्याची कचेरी, एक टेबल, एक बाक, आणि विमानांच्या वेळांचं वीट असावी तसं जाड पुस्तक. फाळणीत, लहानपणी, आई-वडिलांबरोबर सगळं मागं टाकून तो इकडे आला होता. एवढं वस्तीत सगळ्यांना माहीत होतं. माय बाकावर बसली, आम्ही दोघी तिच्या दोन बाजूंना. तिनं विचारलं, “इथून त्रिपोली किती दूर हाये?”

“माताजी, हवाई जहाज में क्या दूर?” तो हसून म्हणाला. “सब मिलाके आठ-नौ घंटे.”

माय तशीच बसून होती. म्हणाली, “जहाजातले नका सांगू. आमच्या दारातून पाय काढल्यापासून हिच्या तिथल्या खोलीचं कुलूप उघडेपर्यंत. अन् तिथून इथं परत. थे सांगा.”

त्याचं हसू मावळलं. त्यानं खुर्ची पुढं ओढली, पुस्तक उघडलं आणि एक कोरा कागद घेतला. मग चांगला अर्धा तास तो पानं उलटत, पेन्सिलीनं लिहीत राहिला. मुंबईचं विमान कुठल्या वारी, रोमचं कुठल्या वारी, एक चुकलं तर पुढचं केव्हा. ताईला त्यानं दवाखान्याच्या परवानगीबद्दल विचारलं, तेही धरलं. मायचं लक्ष त्या पेन्सिलीवर होतं, जणू तिला ते वाचता येत होतं. शेवटी त्यानं मान वर केली. “जाने के चार दिन. आने के भी चार, परमिशन हाथ में हो तो. नहीं तो आठ, दस. झूठ नहीं बोलूँगा आपसे.”

“हां,” माय म्हणाली.

तिनं खिडकीतून पाहिलं. खाली बाजार भरात आला होता, हातगाड्यांवर आंबे होते. मग ती ताईकडे वळली. आवाज मोठा नव्हता, पण एकेक शब्द सुटा होता. “सुजी, ऐकलं ना? आठ, दस दिवस. म्हणजे मी गेली तं तू नाही येऊ शकत. मी कोणाले थांबू देणार नाही, दौलतभाऊले सांगून ठेवते. तिथं रडत नको बसू का मायले पाहता नाही आलं. आत्ताच पाहून घे.”

ताईचं तोंड वेडंवाकडं व्हायला लागलं.

“अन् निमा,” माय माझ्याकडे न बघता म्हणाली, “तू पत्रं वाच. पुरी वाच. ताप असंल तं ताप.”

मी हो म्हणाले. त्यानंतर ताई करार वाढवत सहा वर्षं तिकडे होती आणि तिच्या एकाही पत्रातली एकही ओळ मी सोडली नाही. कधी कधी वाचताना माझाच आवाज जायचा, तेव्हा माय थांबायची आणि म्हणायची, सावकाश वाच.

पण ते नंतरचं. त्या माडीवर मायनं तिकिटवाल्याला म्हटलं, “काढा तिकीट.” आणि ताई हुंदके द्यायला लागली तशी, “पहिले पाणी द्या तिले.” त्यानं स्वतः उठून माठातलं पाणी दिलं. मग तो लिहायला बसला. तिकीट लिहून होईपर्यंत आम्ही तिघी त्या बाकावर एकमेकींना खेटून बसून राहिलो.